उमरखेडची वाट आणि चिमीची खुर्ची

उमरखेडला जायचं ठरलं तेव्हा वाईच्या आमच्या आळीतल्या बायकांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. तिकडे प्यायला पाणी मिळतं का, आणि तिकडच्या माणसांचं बोलणं कळतं का. परत आल्यावर मात्र त्यांना काही विचारायची संधीच मिळाली नाही. मीच बोलत सुटले होते. आता लिहायलाही बसले आहे, कारण काही माणसांचे आभार तोंडी मानून भागत नाही.

माझा धाकटा भाऊ मधू उमरखेडला डॉक्टर आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला, मराठवाड्याला चिकटून असलेल्या त्या गावात तो दवाखाना थाटून बसला, त्याला तीन वर्षं झाली. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात त्याला मुलगा झाला आणि त्याचं पत्र आलं: "ताई, बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं असतं. तू येईपर्यंत बारसं थांबवलं आहे." यांना रजा मिळेना. तेव्हा तीन वर्षांच्या चिमीला घेऊन मी एकटीच निघाले.

धामणगाव ते यवतमाळ

आगगाडीचा प्रवास सांगत नाही, तो सगळ्यांचा सारखाच असतो. धामणगावला उतरले तर मधू फलाटावर उभा, आणि बाहेर त्याची जीप. लष्कराच्या लिलावातली, हिरवा रंग उडालेली, दारं नसलेली, वर ताडपत्रीचं छत.

"दारं कुठायत रे?" मी विचारलं.

"कायले पायजे दारं?" तो म्हणाला, आणि स्वतःच हसला. तीन वर्षांत माझा भाऊ वऱ्हाडी झाला होता.

मी पुढे त्याच्या शेजारी बसले, चिमीला मांडीवर घेतलं. आई आणि लेकरू गाडीत असंच बसतं, यापलीकडे माझ्या मनात काही नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तिच्यावर फुटलेला कापूस. आमच्याकडे कृष्णाकाठी ऊस आणि हळद. इतकं पांढरं शेत मी प्रथमच पाहत होते. बायका ओटीत कापूस वेचत होत्या आणि वाकलेल्या पाठीनेच मान वर करून आमच्याकडे बघत होत्या. मुक्काम यवतमाळला मधूच्या एका मित्राकडे झाला. भरलेलं ताट पुढे आलं, पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. तिखटाच्या बाबतीत त्या जिल्ह्यात पाहुण्याला सवलत नाही.

दारव्ह्याच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. थंडी चांगलीच होती. चिमीला मी सदऱ्यावर स्वेटर आणि स्वेटरवर कापूस भरलेला जाड कोट घातला होता. ती माझ्या मांडीवर उभी राहून काचेतून दिसणारे बैल मोजत होती. तिला पाचापर्यंतच येतं, त्यामुळे दर पाच बैलांनंतर ती पुन्हा एकपासून सुरुवात करायची.

दारव्ह्याच्या अलीकडे एकाएकी शेळ्यांचा कळप आडवा आला. मधूने ब्रेक दाबला. जीप एका अंगाला खेचली गेली, थांबली. आणि चिमी माझ्या हातांत नव्हती. ती पुढच्या लोखंडी पत्र्यावर आदळली होती, आणि तिच्या पाठीवर मी.

ती आधी रडलीच नाही. तो क्षण मी अजून विसरलेले नाही. मग रडली, आणि माझ्या जिवात जीव आला. कपाळावर मोठं टेंगूळ, ओठ फाटलेला. मधूने तिथेच रस्त्यावर बसून तिचे डोळे पाहिले, बोटं मोजायला लावली. "घाबरू नको, वरवरचं आहे," तो म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता. "ब्रेक एका बाजूला ओढतोय. दिग्रसला गफूरभाईंना दाखवू."

"मी तिला घट्ट धरलं होतं रे," मी म्हणत राहिले. कितीदा म्हटलं कोण जाणे.

दिग्रस

दिग्रस हे कापसाच्या बाजाराचं गाव. वेशीपासूनच कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, हवेत तंतू तरंगतायत, आणि जिनिंगच्या यंत्रांची घरघर गावभर भरून राहिलेली. गफूरभाईंचं गॅरेज अशाच एका जिनिंगच्या समोर, लिंबाखाली. पन्नाशीचे गृहस्थ, दाढी अर्धी पिकलेली, बोटं काळी. मधूशी त्यांचा जुना परिचय होता.

ते ब्रेक बघायला आले, पण आधी त्यांनी चिमीला बघितलं.

"लेकराच्या कपाळाले काय झालं, बाई?"

मी सांगितलं.

"मांडीवर होती?"

"हो. पण घट्ट धरलं होतं मी."

घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली. त्यांच्या पत्नी बानूबी बाहेर आल्या, चिमीला एकदा पाहिलं आणि सरळ माझ्या कडेवरून उचलून आत घेऊन गेल्या. थोड्या वेळाने मी आत डोकावले तर चिमीच्या कपाळावर हळदीचा लेप आणि हातात गुळाचा खडा.

ब्रेकचं काम झाल्यावर गफूरभाईंनी मला बोलावलं. त्यांच्या हातात नट-बोल्टांनी भरलेली कॅनव्हासची पिशवी होती.

"हे तुमच्या पोरीच्या अर्ध्या वजनाचंही नाही. पुढं बसा, अन् पोरीले धरता तसंच धरा. डाक्टरसाहेब, चालवा. सायकलच्या चालीनं, जास्त नाही."

मला वाटलं, ब्रेकची परीक्षा चालली आहे. पिशवी छातीशी धरून मी बसले. अंगणातून जीप हळूहळू निघाली. गफूरभाई बाजूने चालत होते, म्हणजे वेग किती असेल बघा. आणि अचानक ते ओरडले, "मारा ब्रेक!"

पिशवी माझ्या मिठीतून निसटली आणि समोरच्या पत्र्यावर जाऊन फुटली. नट-बोल्ट अंगणभर उधळले. माझा गुडघा सडकून लागला. मी त्या रिकाम्या हातांकडे बघत बसले.

"तुमच्या हातात ताकद कमी नाही, बाई," गफूरभाई खाली वाकून बोल्ट वेचत म्हणाले. "कोन्याच माणसाच्या हातात एवढी ताकद नसते. गाडी थांबते, पण आतलं सामान थांबत नाही. अन् मांडीवरच्या लेकराचा दुहेरी घात. समोर लोखंड, मागून आईचं वजन."

मला रडू आलं. ते त्यांनी पाहिलं आणि आवाज उतरवला.

"लढाईच्या वक्ती मी हवाई जहाजांच्या तळावर मिस्त्री होतो. चालवणारे साहेब स्वतःले पट्ट्यानं बांधून घेत. मले हसू ये. इतके मोठे लोक, अन् बांधून काहून घेतात? मग एक दिवस एक जहाज आमच्या डोळ्यांदेखत आदळलं. दोघं होते. बांधलेला होता तो लंगडत चालत आला." दुसऱ्याचं त्यांनी सांगितलं नाही. "थांबता का दुपारपर्यंत? करून देतो काही."

मधू घाईत होता, पण मी थांबायचं म्हटलं.

बानूबींनी घरातून एक बुटकी सागवानी खुर्ची आणून दिली. त्यांची मुलं लहानपणी तिच्यावर बसून जेवत; आता ती मोठी होऊन पांगली होती. गफूरभाईंनी तिचे पाय कापले. मला वाटलं, खुर्ची पुढे माझ्या शेजारी बसवतील. त्यांनी मान हलवली. "लेकरू मागं. पुढं लोखंडच लोखंड आहे. तुम्हीही मागं बसा तिच्या बाजूले." मागच्या आसनाच्या उजव्या अर्ध्या भागावर, गाडीच्या सांगाड्यालाच चार बोल्टांनी त्यांनी ती खुर्ची पक्की केली. नुसती ठेवलेली खुर्ची लेकराला घेऊनच उडते, असं ते म्हणाले. मग जुन्या लष्करी सामानातले जाड पट्टे काढले. दोन खांद्यांवरून, एक कमरेवरून, आणि एक मांड्यांमधून वर येणारा, लेकरू खाली घसरू नये म्हणून. सगळे एका बकलात येऊन अडकत. टाके त्यांनी मोच्याकडून स्वतः उभं राहून घालून घेतले.

चिमीला बसवायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "कोट काढा तिचा."

"अहो, थंडी आहे!"

"कोटावरून पट्टा घट्ट वाटते, पण कोट दबते अन् पट्टा ढिल्ला पडते. अंगावर बसू द्या. मग वरून शाल पांघरा, काय पाहिजे ते करा." पट्टा आवळून त्यांनी खांद्याजवळ दोन बोटं सरकवून पाहिली. "दोन बोटं जावी. मूठ गेली तर बांधलंच नाही समजा. अन् कमरेचा पट्टा पोटावर नाही, खाली, हाडावर."

माझ्यासाठीही त्यांनी तसाच एक कमरेचा पट्टा लावून दिला. "तुम्ही सुट्या राहिल्या तं तुम्हीच तिच्यावर पडसान." मधूसाठीही एक पट्टा काढला होता, पण तो म्हणाला, "माझ्या हातात स्टेअरिंग आहे ना, तेच धरून बसतो मी." गफूरभाईंनी तरीही पट्टा त्याच्या आसनाला लावून दिला.

निघण्याआधी बानूबींनी जेवायला वाढलं. तुरीचे कोवळे सोले आणि वांग्याची रस्साभाजी, ज्वारीची भाकरी, पातीचा कांदा. आळीत हे सांगितलं तेव्हा दोघी-तिघी गप्प झाल्या. मी त्या भाजीची कृती सांगत राहिले.

पुसदच्या पुढे

पुसदला मुक्काम करून तिसऱ्या दिवशी निघालो. पुसद सोडलं की सपाट काळी जमीन संपते आणि सागाच्या टेकड्या लागतात. पानं गळायला लागली होती. परातीएवढी वाळकी पानं रस्त्यावरून खडखडत जीपच्या पुढे पळत होती.

खुर्चीची नवलाई आदल्या दिवशीच संपली होती. "आई, मांडी," एवढंच चिमीचं चाललं होतं. आधी लाडात, मग हट्टाने, मग हुंदके देऊन. कपाळावर ते टेंगूळ, गालांवर ओघळ. कोणत्या आईला बघवेल? मधूही पुढून म्हणाला, "घे गं थोडा वेळ. रस्ता बरा आहे, मी हळू चालवतो."

मी बकल उघडलं. खोटं कशाला सांगू, उघडलं. चिमीने दोन्ही हात पसरले. तिला उचलायला म्हणून मी माझे हात पुढे केले आणि ते हातच मला दिसले; अंगणात रिकामे झालेले. मी तिचे हात पुन्हा पट्ट्यांतून घातले, बकल लावलं, आवळलं. ती इतकी चिडली की मला चावली. मी तिच्या खांद्याजवळ दोन बोटं घालून पाहिली आणि माझा पट्टाही ओढून घेतला.

त्यानंतर फार तर दोन मैल गेलो असू. एका उतारावर वळण होतं, आणि वळणापलीकडे रस्त्याच्या मधोमध कापसाची गाडी. एवढी उंच भरलेली की गाडीवान दिसतच नव्हता. मधूने डावीकडे घेतलं. कडेचा मुरूम भुसभुशीत होता. डावी चाकं खचली, जीप क्षणभर तोलात थांबल्यासारखी झाली आणि डाव्या कुशीवर खालच्या शेतात आडवी झाली.

आवाज थांबल्यावर मला पहिल्यांदा दिसलं ते आभाळ, उजवीकडे जिथे दार नव्हतं तिथून. आणि त्या आभाळात, माझ्या डोक्यावर, चिमी. पट्ट्यांमध्ये अडकून लोंबत होती. केस खाली आलेले, डोळे विस्फारलेले.

"आई," ती म्हणाली, "गाडी झोपली."

मी तिच्या पायांना हात लावला. पोटाला, छातीला. सगळं जागच्या जागी. चार बोल्टांपैकी एकही हलला नव्हता.

मधू मात्र गाडीत नव्हता. तो बाहेर फेकला गेला होता, दहा पावलांवर, कपाशीच्या झाडांत. त्याच्या आसनाचा पट्टा जसाच्या तसा गुंडाळलेला होता. मी त्याला हाका मारल्या. उत्तर आलं तेव्हा मी देवाचं नाव घेतलं की गफूरभाईंचं, मला आठवत नाही.

गाडीवान धावत आला, वेचणाऱ्या बायका धावत आल्या. "आधी लेकरू! लेकरू काढा वो!" एकीने चिमीला खालून उचलून धरलं, तेव्हा मी बकल उघडलं. त्या बायांनी आणि गाडीवानाने मिळून जीप उभी केली. मधू उठून बसला होता, एका हाताने दुसरा खांदा धरून. हासळीचं हाड मोडलं होतं. त्याने स्वतःच स्वतःचं निदान केलं. मग चिमीला जवळ बोलावून एका हाताने तिला तपासलं. पोट दाबून पाहिलं, मान वळवून पाहिली. खांद्यांवर पट्ट्यांचे दोन लाल वळ उमटले होते. बस्स, तेवढंच. ते वळ बघून माझा डॉक्टर भाऊ बांधावर बसून लहान मुलासारखा रडला.

"मी म्हटलं होतं, घे म्हणून," तो म्हणाला. "ताई, मीच म्हटलं होतं."

"पण घेतलं नाही ना," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तांडा

वेचणाऱ्या बायका जवळच्याच बंजारा तांड्यातल्या होत्या. बैलगाडीत गवत पसरून त्यांनी आम्हाला तिथे नेलं. तांड्याच्या नायकाच्या आईला सगळे 'याडी' म्हणत, म्हणजे आई. हाडकुळी म्हातारी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, घागऱ्यावर आरशांचं भरतकाम. तिने मधूचा हात गळ्यात बांधायला आपली ओढणी फाडून दिली आणि आमच्यासमोर गरम बाटी, म्हणजे ज्वारीची जाड भाकरी, आणि लसणाची चटणी ठेवली. वाईत अनोळखी माणसाला आधी गाव विचारतात, आडनाव विचारतात. इथे आधी जेवायला घातलं. नाव विचारलं ते निघताना.

चिमीचे वळ याडीने बोटाने चाचपून पाहिले. "हे कोनं बांधलं?"

मी गफूरभाईंची सगळी हकीकत सांगितली. तिला ती मुळीच नवलाची वाटली नाही.

"शहाना मानूस हाये," ती म्हणाली. "माही आजी सांगे, आमच्या लोकायनं बैलाच्या पाठीवर मीठ-धान्य वाहिलं. शेकडो बैल. लेकरं कुठी ठेवायची? गोणीसंगं बैलाच्या पाठीवर बांधायची. बैल बुजला तरी लेकरू जाग्यावर पायजे. आजी म्हने, लेकरू रडलं तं रडू दे, गाठ ढिल्ली करू नोको. रडनारं लेकरू जित्तं असते."

चिमी तोवर तिच्या घागऱ्यावरचे आरसे मोजत होती. पाचापर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लोकांनी आम्हाला एस.टी.त बसवून दिलं. कंडक्टरने मधूचा गळ्यात बांधलेला हात बघून पुढची जागा रिकामी करवली. बाहेर याडी उभी होती. मी वाकून नमस्कार केला, तर तिने माझं डोकं दोन्ही हातांत धरून असं काही पुटपुटलं की शब्द एक कळला नाही आणि अर्थ पूर्ण कळला.

उमरखेड

बारसं थाटात झालं. वहिनीने नवऱ्याचा गळ्यात बांधलेला हात पाहिला, मग चिमीला पाहिलं, आणि काही न विचारता आधी तिला पोटाशी धरलं. बाळाच्या कानात नाव सांगताना माझा आवाज फुटेना. शेजारणींना वाटलं, आत्याला आनंदाने भरून आलं. ते खोटं नव्हतं.

उमरखेड गाव मला आवडलं. बाजारात एक दुकानदार मराठीत भाव सांगतो, गिऱ्हाईक हिंदीत घासाघीस करतं, आणि सौदा कोणत्या भाषेत तुटतो ते दोघांनाही सांगता येणार नाही. महिनाभर राहिले. मधूचं हाड जुळत आलं. जीप एका ट्रकमागे बांधून दिग्रसला रवाना झाली होती.

पुन्हा दिग्रस

परतीला मी एस.टी.नेच निघाले. दिग्रसला उतरून पुढची गाडी धरायचं ठरवलं होतं. काही झालं तरी गफूरभाईंना भेटल्याशिवाय मला जायचं नव्हतं.

जीप लिंबाखाली उभी होती. गफूरभाई मागच्या आसनाजवळ वाकून कात्रीने चिमीच्या खुर्चीचे पट्टे कापत होते.

"अहो, हे काय करता?" मी जवळजवळ ओरडले. "चांगले आहेत ते! त्यांनीच तर वाचवलं तिला."

"म्हनूनच," ते म्हणाले. "यानं एकदा झटका खाल्ला. वरून साबूत दिसते, पन आतला धागा तानला गेला. याचा आता भरोसा नाही."

"मग मला द्या एक. आठवण म्हणून ठेवीन."

त्यांनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली. "नाही, बाई. तुमच्या घरी पडून राहीन, अन् उद्या कोनी चांगला पट्टा समजून दुसऱ्या लेकराले बांधीन." आणि त्यांनी पट्ट्याचे बोटाएवढे तुकडे करून चुलीच्या सरपणात टाकले. नवे पट्टे शेजारीच तयार होते. मधूच्या बाळासाठी, ते बसायला लागेल तेव्हासाठी. आणि मधूच्या आसनाचा पट्टाही त्यांनी अधिक लांब करून ठेवला होता. मधूने तसं पत्र पाठवलं होतं म्हणे.

वाटेत मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं बोलायला. त्यातलं काहीच आठवेना. मी हात जोडले. "गफूरभाई, माझी मुलगी तुमच्यामुळे आहे."

ते संकोचले. कात्री पुसायला लागले. "मी काय केलं? मी तं लोखंडाले खुर्ची बांधली. लेकरू तुम्ही बांधलं."

मग मला राहवलं नाही. मी सांगितलं की मी बकल उघडलं होतं. दोन मैल आधी. तिला उचलणारच होते. मधूला सोडून हे कोणालाच ठाऊक नव्हतं, घरी यांनाही मी अजून सांगितलं नव्हतं.

गफूरभाईंनी कात्री खाली ठेवली. समोरच्या जिनिंगची घरघर चालू होती.

"उघडलं होतं," ते म्हणाले, "पन परत लावलं ना? तेवढंच असते, बाई. दर बारीनं परत लावनं."

बानूबींनी चिमीच्या कपाळावरची आता अगदी पुसट झालेली खूण पाहिली आणि पदराला सोल्यांची पुरचुंडी बांधून दिली. तेवढ्यात यवतमाळची गाडी लागली.

एस.टी.त पट्टा नव्हता, कुठून असणार? मी चिमीला पुढच्या जागेवरून उठवून मधल्या बाकावर, आतल्या बाजूला बसवलं आणि तिच्यापुढे आडवा हात धरला. तो हात किती कामाचा आहे, ते मला आता ठाऊक होतं. यवतमाळ येईपर्यंत प्रत्येक वळणावर मी घाबरत होते. या जिल्ह्यात आले तेव्हा ही भीती माझ्याजवळ नव्हती. ती मला दिग्रसमध्ये लिंबाखाली मिळाली, आणि तिच्याबद्दल मी जन्मभर ऋणी राहीन.